धुक्यावरच्या पत्राचा फोटो

२३ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी जर्मनीच्या हिटलरला एक लहानसे पत्र लिहिले. पत्राच्या माथ्यावर पत्ता आहे वर्ध्याचा, म्हणजे आपल्या विदर्भातलाच. हिटलरला त्यांनी मित्र म्हटले आणि लढाई टाळण्याची विनंती केली. इंग्रज सरकारने ते पत्र पुढे जाऊच दिले नाही. सव्वा महिन्याने, १ सप्टेंबरला, महायुद्ध पेटले.

या न पोचलेल्या पत्रावर मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी २०१२ साली एक कलाकृती केली. नाव ठेवले ‘कव्हरिंग लेटर’. एक अंधारी खोली. तिच्यात वरून धुक्याचा पडदा खाली उतरत असतो, आणि त्या धुक्यावर उजेडाने पत्राची अक्षरे पडतात. भिंत नाही, कापड नाही. पाहणारा माणूस त्या अक्षरांतून सरळ पलीकडे चालत जातो! अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात २०१६ मध्ये ती मांडली होती. पुढे २०१९ मध्ये इटलीतल्या व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात, भारताच्या दालनात, ती लोकांनी पाहिली.

आता अशा वस्तूचा फोटो कसा काढावा? आजकाल मोबाईल सगळ्यांच्याच खिशात असतो, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, फ्लॅश बंद. हिवाळ्यात तुरीवर धुवारी पडते तेव्हा पहाटे मोटारसायकल चालवून बघा. मोठा लाईट लावला की समोर नुसतं पांढरं दिसतं, रस्ता गडप. धुके म्हणजे पाण्याचे बारीक कण. ते आपलाच उजेड आपल्या डोळ्यांवर परत फेकतात. फ्लॅशचेही तसेच होते. धुके पांढरे येते आणि गांधीजींची अक्षरे पुसली जातात. शिवाय शेजारी उभ्या माणसाचेही पाहणे बिघडते, ते वेगळेच. बहुतेक संग्रहालयांत फ्लॅशला मनाई असते, आणि ते योग्यच आहे असे आम्हांस वाटते.

दुसरे असे की, अंधार पाहून मोबाईल फसतो. जास्त उजेड घ्यायला जातो, आणि अक्षरे फुगून एकमेकांत मिसळतात. यासाठी पडद्यावर अक्षरांवरच बोट ठेवावे. बहुतेक मोबाईलवर तिथे सूर्याची खूण येते. ती थोडी खाली ओढावी. खोली काळी राहिली तरी राहू द्या. ती काळीच आहे!

तिसरी अडचण धुक्याची. ते सारखे घसरत असते, आणि अंधारात कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा राहतो. तेवढ्यात अक्षरे फिसकटतात. कोपरे छातीशी टेकवून, श्वास धरून पाच-सहा फोटो घ्यावेत. एकासारखा दुसरा येत नाही. त्यातला वाचता येईल तो ठेवावा. झूम करू नये, दोन पावले पुढे जावे.

सोबत कुणी असेल तर त्याला विचारून धुक्यात उभे करावे. पत्रातले शब्द त्याच्या सदऱ्यावर, कपाळावर पडतात. आमच्या मते खरा फोटो हाच, कारण पडदा केवढा आहे ते माणसामुळेच कळते.

सराव घरीही होतो. रात्री दिवा मालवून भाताच्या पातेल्याची वाफ निघू द्या. कुणाला तरी बाजूने वाफेवर बॅटरी धरायला सांगा. एक फोटो फ्लॅश लावून घ्या, एक न लावता. मग दोन्ही शेजारी ठेवून बघा.