मालदीवांतील इस्लामचा प्रवेश : एक काष्ठलेख व दोन ताम्रपट

मालदीव बेटांचा राजा मुसलमान केव्हां झाला, या प्रश्नास परंपरेचें एकच उत्तर आहे : हिजरी सन ५४८, म्हणजे इ. स. ११५३. परंतु तो कोणाच्या उपदेशानें झाला, व प्रजा त्याच्यामागून किती काळानें गेली, हे प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहींत. त्यांचा निर्णय मुख्यतः एका काष्ठलेखाच्या वाचनावर व दोन ताम्रपटांच्या साक्षीवर अवलंबून असल्यामुळें, जुन्या लेखांच्या संग्राहकांपुढें हें प्रकरण मांडणें आम्हांस उचित वाटतें.

मोरोक्कोंतील तंजा येथील प्रवासी इब्न बतूता हा इ. स. १३४३ त या बेटांत आला व माले येथें काझी झाला. त्यानें ऐकलेली हकीकत अशी कीं, दरमहा समुद्रांतून दिव्यांनीं भरलेल्या जहाजासारखें एक भूत येई व त्यासाठीं एका कुमारिकेस देवळांत नेऊन ठेवीत. एका परदेशी हाफिजानें तिच्या जागीं बसून रात्रभर कुराण म्हटलें, तेव्हां तें भूत परतलें व राजानें इस्लाम स्वीकारला. आपल्याकडील वाचकांस बकासुराचें स्मरण होईल. ही कथा बाजूस ठेविली तरी बतूत्याचें पुढील विधान मोलाचें आहे. मालेच्या मोठ्या मशिदींत लाकडावर कोरलेला लेख आपण वाचला व त्यांत अबुल् बरकात बर्बरी मग्रिबी याच्या हातून सुलतान मुसलमान झाल्याचें लिहिलें होतें, असें तो सांगतो.

उलटपक्षीं, हसन ताजुद्दीन (मृत्यु इ. स. १७२७) याच्या अरबी तारिखेंत हें श्रेय तब्रीजच्या यूसुफ शम्सुद्दीनास दिलें आहे, आणि मशिदींतील फळीवरील नांवही कित्येकांनीं ‘तब्रीजी’ असेंच वाचलें. शिकस्ता फर्मानें चाळलेल्यांस याचें नवल वाटूं नये. ‘अल्-बर्बरी’ व ‘अल्-तब्रीजी’ हे शब्द नुक्त्यांवांचून लिहिले असतां दोहोंत केवळ एका दात्याचा फरक उरतो! बतूता स्वतः मग्रिबी, तेव्हां त्यास देशबंधूचें नांव दिसणें स्वाभाविक होतें, हा आक्षेप खरा. तथापि बेटांतील लोक मालिकी पंथाचे असल्याचें तोच नमूद करितो. तो पंथ मग्रिबांत प्रबळ, तब्रीजकडे नव्हे. म्हणून आमचा कल ‘बर्बरी’ या पाठाकडे आहे. मात्र ‘बर्बरी’ म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बर्बरा बंदराचा, असाही एक पक्ष आहे, व तो अगदींच टाकाऊ नाहीं.

याहून महत्त्वाचे ताम्रपट होत. यांस तेथें ‘लोमाफानु’ म्हणतात. इस्दू व दंबिदू हीं दोन्ही ठिकाणें दक्षिणेकडील हद्दुम्मति बेटसमूहांत असून, तेथील पट इ. स. ११९४-९५ च्या सुमाराचे, एवेला अकुरु नामक प्राचीन लिपींत आहेत. बौद्ध विहार मोडून, भिक्षूंस माले येथें नेऊन, मशिदींस उत्पन्नें लावून दिल्याची हकीकत त्यांवरून कळते. म्हणजे राजाच्या धर्मांतरानंतर चाळीस वर्षांनींही दक्षिणेस जुना धर्म उभा होता, व तो राजाज्ञेनें उखडावा लागला. एका रात्रीच्या चमत्काराची कथा या पटांपुढें टिकत नाहीं. बौद्धकालीन मूर्तींपैकीं ज्या मालेच्या संग्रहालयांत होत्या, त्यांतील बहुतेक इ. स. २०१२ च्या फेब्रुवारींत दंगेखोरांनीं फोडल्या. त्यामुळें या पटांचें मोल आतां अधिकच वाढलें आहे.

राजाचें लोकप्रसिद्ध नांव ‘धरुमवंत रसगेफानु’. त्यांतील ‘धरुम’ म्हणजे आपला धर्मच. मालेच्या ‘हुकुरु मिस्किय’ या मशिदीच्या नांवांतील ‘हुकुरु’ हा शब्दही ‘शुक्र’ याचाच अपभ्रंश होय. हल्लींची इमारत इ. स. १६५८ त सुलतान इब्राहीम इस्कंदर यानें बांधिली. तिचे पोवळ्याच्या दगडाचे चिरे चुन्यावांचून एकमेकांत बसविले आहेत. ती जुन्या देवळाच्या पायावर उभी असल्याचें सांगतात. तिचें तोंड मावळतीकडे, मक्का मात्र वायव्येकडे. म्हणून आंत चटया तिरप्या घालून लोक कोपऱ्याकडे तोंड करून नमाज पढतात.