पोहणाऱ्या रुग्णासाठी मनगटी यंत्राची निवड

स्थौल्य, प्रमेह आणि जानुसंधीतील वेदना हे त्रिकूट घेऊन येणारे रुग्ण आज प्रत्येक वैद्याच्या परिचयाचे आहेत. अशा रुग्णास व्यायाम सांगावा तर गुडघा आड येतो आणि न सांगावा तर मेद हटत नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकजण पोहण्याचा सल्ला देऊ लागले आहेत व तो योग्यच आहे. पाण्यात देहाचा भार हलका होतो, सांध्यांवर आघात होत नाही आणि सर्वांगास श्रम घडतात. मात्र आता रुग्ण सल्ला घेऊन थेट तलावावर जात नाही. आधी तो मनगटावर बांधायचे यंत्र विकत घेतो, आणि ‘कोणते घेऊ?’ हा प्रश्न आपल्याला किंवा औषधी दुकानाच्या काउंटरवर विचारतो. रक्तदाबमापक व ग्लुकोमीटर यांच्या शेजारी हे फिटनेस बँड आता अनेक दुकानांत मांडलेले दिसतात. तेव्हा या विषयाकडे ‘हे आपले क्षेत्र नव्हे’ असे म्हणून पाहण्याची सोय उरलेली नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर ही जाणीव एका चुकीतून आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये एक छप्पन्न वर्षांचे गृहस्थ चिकित्सेसाठी येत होते. वजन जास्त, दोन्ही गुडघे दुखरे, रक्तदाबासाठी आधुनिक औषध चालू. तरुणपणी ते विहिरीत पोहलेले होते, म्हणून मी त्यांना तलावावर जाण्यास सांगितले आणि ‘नाडी मिनिटाला १२० च्या वर जाऊ देऊ नका’ असा आकडा दिला. मुलाने वाढदिवसाला दिलेला बँड त्यांच्या हाती होताच. पाण्यात तो बँड ९५ ते १०० दाखवी. त्यावरून अजून पुष्कळ वाव आहे असे समजून ते रोज दोन-दोन फेऱ्या वाढवीत गेले. नवव्या की दहाव्या दिवशी शिडीपाशी येताच त्यांना भोवळ आली. जीवरक्षकाने काखेत हात घालून त्यांना वर घेतले. त्यांना वांती झाली, दरदरून घाम फुटला. रुग्णालयात हृदयालेख काढला, तो निर्दोष निघाला व सायंकाळी ते घरी परतले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि शांतपणे म्हणाले, ‘डॉक्टर, मी तुमचा आकडा एकदाही ओलांडला नव्हता हो.’

त्यांनी खरोखरच तो ओलांडला नव्हता. दोष आकड्यात होता आणि तो मी दिला होता.

आकडा का फसला?

पाण्यात उतरल्यावर शरीरावर पाण्याचा दाब येतो, त्वचा व अवयवांतील रक्त छातीकडे सरकते, हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त ढकलते आणि ठोक्यांची संख्या घटते. चेहऱ्याला गार पाण्याचा स्पर्श झाल्यानेही नाडी मंदावते. जमिनीवर धावताना जितके श्रम, तितकेच श्रम पोहताना केले तरी नाडी साधारणतः दहा ते पंधरा ठोक्यांनी कमी भरते. म्हणजे चालण्या-धावण्यासाठी बेतलेले कोष्टक तलावावर जसेच्या तसे लागू पडत नाही. वय २२० मधून वजा करण्याचे प्रचलित सूत्र तर मुळातच ढोबळ आहे.

दुसरे कारण औषधाचे. त्यांची रक्तदाबाची गोळी बीटा ब्लॉकर गटातील होती. या औषधांनी हृदयाची गती श्रमातही चढत नाही, हे आपण शिकलेलो आहोत. तरी व्यायामाचा आकडा सांगताना मी त्यांची औषधांची चिठ्ठी पाहिली नाही.

तिसरे कारण यंत्राचे. बँडच्या पाठीमागील हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो आणि रक्ताच्या स्पंदनानुसार परत येणाऱ्या प्रकाशातील फरक सेन्सर टिपतो. पाण्यात हात मारताना बँड व त्वचा यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो, बँड हलतो, गार पाण्याने त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मग यंत्र कधी खरी नाडी दाखवते, तर कधी हात मारण्याची लयच नाडी समजून मोजते. गार्मिनसारख्या नामांकित कंपनीच्या घड्याळांत कित्येक वर्षे पोहण्याच्या वेळी मनगटावरील नाडीमापन मुद्दाम बंद ठेवलेले असे. २०१९ च्या फेनिक्स ६ पासून ती सोय सुरू झाली. मापन सुधारले आहे हे खरे, पण पाण्यातील मनगटी आकड्यावर औषधयोजनेइतका विश्वास टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बलार्ध पाण्यात दिसत नाही

व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, हा वाग्भटांचा दंडक आपल्या सर्वांच्या मुखी आहे. अर्धी शक्ती संपली हे ओळखण्याची लक्षणेही आपण पाठ केलेली आहेत : कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, तोंड कोरडे पडणे, हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे. जमिनीवर या लक्षणांइतकी सोपी व बिनखर्चाची कसोटी दुसरी नाही.

आता पोहणाऱ्याकडे पाहा. घाम येतो, पण पाण्यात विरून जातो. क्लोरीनचे पाणी तोंडात जात असल्याने मुखशोष ओळखता येत नाही. आणि पोहणारा तर पहिल्या हातापासूनच तोंडाने श्वास घेत असतो. तीनही लक्षणे एकदम झाकली जातात. शिवाय पाणी गार असल्याने श्रमाचा ताप जाणवत नाही. म्हणूनच जमिनीवर पंधरा मिनिटांत थांबणारा मनुष्य तलावात पाऊण तास रेटतो आणि बाहेर पडल्यावर गळून जातो. त्यात आपल्याकडे तलाव भरतात ते एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे ऋतुचर्येप्रमाणे व्यायाम आवरता घ्यायचा त्या ग्रीष्मात. हेमंत-शिशिरात, जेव्हा बल उत्तम असते, तेव्हा तलाव ओस पडलेले असतात. असो.

झाकलेल्या लक्षणांची जागा घेईल असे काही यंत्रात आहे का, असा विचार मी त्या प्रसंगानंतर सुरू केला. उत्तर नाडीच्या आकड्यात सापडले नाही. ते फेऱ्या, वेळ आणि हातांची संख्या यांत सापडले.

बँडमध्ये गती व दिशा टिपणारे सेन्सर असतात. भिंतीशी वळून पायाने रेटा दिला की वेगातील बदलावरून यंत्र एक फेरी मोजते. हाताच्या आवर्तनावरून तो किती वेळा फिरला हे मोजते. बहुतेक यंत्रे ज्या हातावर बांधली त्याच हाताची आवर्तने धरतात. एका फेरीला लागलेले सेकंद आणि त्या फेरीतील हातांची संख्या यांची बेरीज म्हणजे ‘स्वॉल्फ’. २५ मीटरच्या तलावात एकाला ४० सेकंद लागले व १४ हात मारावे लागले तर स्वॉल्फ ५४. तोच मनुष्य दहाव्या फेरीला ४६ सेकंद व १८ हात घेत असेल तर तो ६४ झाला. थकलेल्या देहाला तेवढ्याच अंतरासाठी अधिक हात मारावे लागतात, पाय खाली बुडतात, पाणी नीट पकडले जात नाही. घाम दिसत नसला तरी बल ओसरत असल्याची ही खूण आकड्यात उमटते. रुग्णाला मी इतकेच सांगतो : सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्यांचा आकडा आपला मूळ समजावा, तो वाढत चालला की त्या दिवसाचे पोहणे संपले. मात्र हा आकडा आपला आपल्याशीच, त्याच तलावात व त्याच पोहण्याच्या पद्धतीत ताडून पाहायचा. शेजारच्याशी तुलना करणे निरर्थक.

नाडी पाहायचीच असेल तर भिंतीशी थांबून मानेशी किंवा मनगटाशी बोटे ठेवून दहा सेकंद मोजावी आणि सहाने गुणावे. थांबताच नाडी भराभर उतरते, म्हणून मिनिटभर मोजत बसू नये. आणि थांबल्यावर एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येते का, हेही पाहावे. ही परीक्षा बीटा ब्लॉकर घेणाऱ्यालाही फसवत नाही.

खोक्यावरील अक्षरे

औषधी दुकानदार मित्रांना सर्वाधिक उपयोगी पडेल तो भाग हा. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द खोक्यावर मोठा असला तरी त्यावरून काहीच ठरत नाही. यंत्राच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात ‘५ एटीएम’ अथवा ‘५० मीटर’ असे लिहिले आहे का ते पाहावे. याचा अर्थ पन्नास मीटर खोल जाता येते असा नव्हे. स्थिर पाण्यातील तेवढा दाब यंत्राने चाचणीत सोसला, इतकाच तो अर्थ आहे. हात पाण्यावर आपटतो तेव्हाचा दाब त्याहून निराळा. घड्याळांच्या जलरोधकतेसाठी आयएसओ २२८१० हे मानक २०१० पासून आहे, पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळे. तलावासाठी ५ एटीएम पुरेसे. याउलट केवळ ‘आयपी ६७’ लिहिलेले यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास स्थिर ठेवण्याच्या चाचणीत उतरलेले असते. ते पावसात भिजले तर चालेल, पोहण्यास नेऊ नये. ‘आयपी ६८’ मध्ये खोली व वेळ कंपनीच ठरवते, त्यामुळे त्या एका अंकावरही विसंबू नये.

पाणी सोसणे आणि पोहणे मोजणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे ग्राहकाला आवर्जून सांगावे लागते. शाओमीचा २०१८ चा मी बँड ३ पन्नास मीटरचा जलरोधक होता, पण पोहणे मोजत नव्हता. ती सोय पुढच्या वर्षीच्या मी बँड ४ मध्ये आली. म्हणून ‘यात तलावात पोहण्याची वेगळी सोय आहे का, आणि तलावाची लांबी आपल्याला भरता येते का’, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय खरेदी करू नये. लांबी चुकीची भरली की सारे अंतर चुकते. बालेवाडीच्या क्रीडासंकुलातील किंवा दादरच्या शिवाजी पार्कजवळील ऑलिंपिक तलाव ५० मीटरचा, अनेक तलाव २५ मीटरचे, आणि गृहसंकुलांतील तलावांची लांबी तर बांधणाऱ्याच्या मर्जीवर. अगदी आखूड तलाव काही यंत्रे स्वीकारतच नाहीत. अशा ठिकाणी फेऱ्या मनात मोजलेल्या बऱ्या.

पाण्यात स्पर्शपडदा नीट चालत नाही. थेंबालाच ते बोट समजते. त्यामुळे पोहण्याच्या वेळी पडदा बंद करण्याची सोय किंवा बाहेरून दाबायचे बटण असलेले यंत्र घ्यावे. ज्येष्ठांसाठी मी बटणालाच पसंती देतो, कारण चष्म्याविना व ओल्या बोटांनी त्यांना तेवढेच जमते. फळी धरून केवळ पाय मारण्याचा सराव यंत्राला कळत नाही, कारण हात स्थिर असतो. मधेच कुणी आडवे आल्याने थांबले तर एक फेरी जास्त धरली जाते. गजबजलेल्या तलावावर हे नित्याचेच.

ज्यांना नाडी अचूक हवीच, उदाहरणार्थ हृदयरोगतज्ज्ञांनी मर्यादा घालून दिलेले रुग्ण, त्यांच्यासाठी छातीचा पट्टा अधिक भरवशाचा. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात फार पुढे जात नाहीत, म्हणून पट्ट्यातच नोंद साठवून नंतर देणारे प्रकार मिळतात. पुरुषांच्या उघड्या छातीवरून मात्र भिंतीला रेटा देताना तो घसरतो. पोलर कंपनीचा २०२१ मधील व्हेरिटी सेन्स हा सेन्सर गॉगलच्या पट्ट्याला अडकवून शंखप्रदेशी बसवता येतो. नाडी मनगटापेक्षा तेथे स्थिर मिळते. निर्मात्याने हे स्थान कोणत्या विचाराने निवडले ते ठाऊक नाही, आपल्याला ते अपरिचित नाही एवढे खरे.

जलरोधकता कायमची नसते. रबराच्या सांधपट्ट्या साबण, अत्तर, तेल व उष्णता यांनी झिजतात. आपल्याकडील रुग्णांना हे विशेष सांगण्याचे कारण म्हणजे अभ्यंग आणि स्वेदन. तेल लावताना व बाष्पस्वेदाच्या पेटीत जाताना बँड काढूनच ठेवावा. वाफेचे कण पाण्याहून सहज आत शिरतात. तलावातून आल्यावर साध्या पाण्याने धुऊन, पुसून, हात कोरडा झाल्यावरच तो बांधावा. पट्ट्याखाली ओल राहिली की कंडू व लाली येते आणि पावसाळ्यात दद्रूला आमंत्रण मिळते. चामडी पट्टा पोहण्यास अयोग्य. पाण्याने झालेली हानी वॉरंटीत बसते की नाही, हे दुकानदारांनी विकण्यापूर्वीच वाचून घ्यावे, म्हणजे पुढचा वाद टळेल.

आणखी एक. त्वचेला न टोचता रक्तातील साखर दाखविणारी घड्याळे बाजारात मिरवत असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांविरुद्ध इशारा दिला आणि अशा एकाही स्वतंत्र उपकरणास मान्यता दिलेली नसल्याचे सांगितले. इन्सुलिन घेणारा प्रमेही त्या आकड्याच्या भरवशावर पाण्यात उतरला तर काय ओढवेल, ते वैद्यांना सांगणे नलगे. असे घड्याळ आपल्या काउंटरवर असेल तर ते उचलून ठेवावे.

ते गृहस्थ दोन महिन्यांच्या विश्रांतीनंतर, त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांची संमती घेऊन, पुन्हा तलावावर जाऊ लागले. बँड जुनाच आहे. पडद्यावरचा नाडीचा आकडा मात्र त्यांनी मुलाकडून काढून घेतला आहे. फेऱ्या आणि स्वॉल्फ एका वहीत लिहून ते दर पंधरवड्याला दाखवतात. थंडीत सोळा फेऱ्यांपर्यंत जातात, वैशाखात आठवर थांबतात. गेल्या खेपेस वहीत एका दिवशी फक्त तीन फेऱ्या दिसल्या. विचारले तर म्हणाले, ‘चौथीला हात वाढले, म्हणून निघालो.’