सावकाराच्या माणसाची बाजू

मराठीच्या पेपरात ‘कोण कोणास म्हणाले?’ हा प्रश्न पहिल्यांदा ज्याने घातला, त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, हे त्याच्या दृष्टीने बरंच झालं. तपासणाऱ्याची सोय झाली खरी. पण पात्र असं का बोललं, आणि ते बोलणं आपल्या कानावर कुणी घातलं, हे विचारायची गरजच उरली नाही. घाटकोपर-मुलुंडकडच्या मराठी शाळांत सहावी ते आठवीला शिकवताना माझं सगळं भांडण या एका प्रश्नाशी होतं. निवृत्तीनंतरही ते मिटलेलं नाही.

पाठ्यपुस्तकांचा इतिहास झटपट उरकतो. 1967 साली बालभारती आली. कादंबरी पुस्तकात शिरली ती उताऱ्यापुरती: चार पानं, खाली शब्दार्थ, त्याखाली स्वाध्याय. ‘स्वभावचित्रण करा’ची उत्तरं गाइडात तयार असत, प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी, की झालं. पुढे प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली आणि ‘स्वमत’ नावाची एक चांगली जागा मिळाली. क्लासवाल्यांनी मुलांची स्वमतंही छापून दिली. असो.

माझा जीव अडकला तो ‘श्यामची आई’त. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं आणि 1935 साली पुस्तक आलं. वर्गात पहिल्या दिवशी मी विचारायचो, ‘हे कोण सांगतंय?’ सगळा वर्ग एका सुरात, ‘श्याम!’ मग दुसरा प्रश्न, ‘कुठला श्याम?’ इथे शांतता. पोहायचं टाळण्यासाठी माळ्यावर लपणारा श्याम एक, आणि आश्रमात सोबत्यांना रात्री गोष्ट सांगणारा मोठा श्याम दुसरा. आई शिंपटीने मारते तेव्हा लहान श्यामला फक्त मार कळतो; त्यामागची आई कळते ती मोठ्या श्यामला. आणि आपल्याला जी आई दिसते, ती त्याने आठवून, निवडून दाखवलेली. तेरा वर्षांच्या मुलांना हे जड जातं असं म्हणणाऱ्यांनी त्यांना घरातलं भांडण शेजारी जाऊन सांगताना कधी ऐकलेलं नसावं. काय गाळायचं, हे त्यांना उत्तम कळतं.

अमेरिकेतल्या शाळांत ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ याच वयाच्या आसपास वाचून घेतात. 1960 सालची ती कादंबरी. लहानगी स्काउट पाहते आणि मोठी झालेली स्काउट सांगते. आपल्याकडचे काही शिक्षणतज्ज्ञ शिबिरांत त्याचं तोंडभरून कौतुक करतात. श्याम तेच करतो हे त्यांच्या लक्षात येत नाही, कारण श्याम त्यांनी संस्काराच्या कपाटात ठेवून कुलूप घातलंय.

या संस्कारवाल्यांशी माझी खरी जुंपली ती ‘श्यामची आई’तल्या सावकाराच्या माणसावरून. कर्जाच्या तगाद्याला तो दारात येतो, आईबद्दल नको ते बोलतो. मी मुलांना सांगितलं, हा प्रसंग त्याच्या तोंडून लिहा. अट एकच: घडलं ते बदलायचं नाही, त्याचे शब्द सौम्य करायचे नाहीत. भांडुपच्या चाळीतली एक मुलगी होती. तिचे वडील पतपेढीच्या वसुलीला जात. तिने लिहिलं की हा माणूस सकाळपासून उपाशी चालतोय, मालक संध्याकाळी हिशेब मागणार आहे, आणि गोड बोललं तर रिकाम्या हाताने परतावं लागतं हे तो अनुभवाने शिकलाय. आई उलट बोलते तेव्हा तो वरमतो, म्हणून आवाज आणखी चढवतो. दुसऱ्या एकाने त्याला पार देवमाणूस करून टाकला. ती वही मी परत केली. बाजू समजली म्हणजे माणूस निर्दोष सुटला असं नाही. शिक्षकांच्या खोलीत मात्र टोमणा आला, ‘उद्या दुर्योधनाची बाजू लिहायला लावाल!’ टोमणा मारणाऱ्याने ‘मृत्युंजय’ वाचलं नव्हतं. शिवाजी सावंतांनी 1967 सालीच दुर्योधनाला बोलतं केलंय, कर्ण, कुंती, वृषाली, शोण आणि कृष्णाबरोबर.

आठवीला ‘बनगरवाडी’ घ्यावी. परगावचा तरणा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो आणि सगळं तोच सांगतो. वाडीतल्या अंजीच्या चोळीवरून कारभाऱ्याच्या मनात मास्तरबद्दल किंतु येतो, ते प्रकरण कारभाऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला लावलं की मुलं दचकतात. आतापर्यंत ती मास्तरच्या बाजूने होती. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा कादंबरी नव्हेत, तरी ‘वनवास’ वगळवत नाही. लंपन जे पाहतो ते सांगतो, त्याला न कळलेलं वाचणाऱ्याला कळतं. ‘ययाति’चे तीन निवेदक शिकवण्यासारखे आहेत, पण ते वय आल्यावर.

खरं तर हे सगळं आपल्या शाळेत आधीपासून होतं. आत्मवृत्त म्हणजे दुसरं काय? पण फाटक्या पुस्तकाचं मनोगत दर वर्षी त्याच वाक्याने सुरू होऊ लागलं आणि शेतकऱ्यापासून नदीपर्यंत सगळे एकाच रडक्या आवाजात बोलू लागले.

हल्ली ‘उपक्रम’ होतात. अंधेरीच्या एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो, तर पोरांच्या अंगावर धोतर-नऊवारी, भिंतीवर पात्रांच्या भावनांचा रंगीत तक्ता, फोटो काढायला पालक. पुस्तक कुणी पूर्ण वाचलंय का, विचारलं. बाईंनीच विषय बदलला. 2020 च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झाली, हे ठीक. पण इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तेवढ्या तासिकांत अख्खी कादंबरी वाचून कोण देणार? माझा उपाय जुनाच आहे. आठवड्यातली एक तासिका राखा, शिक्षकाने मोठ्याने वाचावं, स्वाध्याय घालू नये. पाऊस पडून ट्रेन बंद झाल्या की निम्मा वर्ग येतो. त्या दिवशी तर इतर काही शिकवूच नये. एक प्रकरण सहज होतं, आणि बोरिवलीहून उशिरा पोचलेल्याला आधीचं काय झालं ते एका पोराने त्याच्या लाडक्या पात्राच्या बाजूने सांगावं. बाकीचे लगेच हरकत घेतात.