चैत्रातील पदयात्रा आणि वैद्याचे कर्तव्य

रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंग गडावर चैत्रोत्सव भरतो. श्रीसप्तशृंगी ही खानदेशातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी. त्यामुळे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील हजारो भाविक या दिवसांत पायी गडाची वाट धरतात. रावेरहून निघालेला यात्रेकरू सावदा, भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव, देवळा, कळवण असे टप्पे घेत गडाच्या पायथ्याशी नांदुरीस पोहोचतो. अडीचशे किलोमीटरांहून अधिक असे हे अंतर आठ-दहा दिवसांत तुडविले जाते. काही वर्षांपूर्वी रावेरच्या अशाच एका पदयात्रेत आम्ही वैद्य म्हणून चाललो. त्या वाटेवर जे शिकलो, आणि विशेषतः जेथे चुकलो, ते व्यवसायबंधूंपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ऋतुविचार

हेमंत-शिशिरात संचित झालेला कफ वसंतात सूर्यतापाने पातळ होऊन अग्निमांद्य उत्पन्न करतो. म्हणून या ऋतूत लघु व रूक्ष आहार आणि व्यायाम सांगितला असून दिवास्वाप वर्ज्य मानला आहे. व्यायामाची मर्यादा अर्धशक्तीची. कपाळ, नाक व काखेत घाम येऊन मुखशोष जाणवू लागला की थांबावे.

हा पाठ मनात धरून आम्ही पहिले दोन दिवस सर्वांना सकाळ-दुपार सुंठ-मिऱ्याचा काढा दिला. तिसऱ्या दिवशी मूत्रदाहाच्या तक्रारी घेऊन माणसे आमच्याकडे येऊ लागली. तेव्हा आम्हांस सुश्रुतसंहितेतील दुसऱ्या ऋतुगणनेचे स्मरण झाले. तीत वसंत हा फाल्गुन-चैत्र असा धरला असून वैशाखापासून ग्रीष्म मानला आहे. म्हणजे चैत्र हा वसंताचा उत्तरार्ध ठरतो. खानदेशात तर या सुमारास पारा ४० अंशांपलीकडे जातो. एकाच यात्रेकरूस पहाटे कफाचे जडत्व व खोकला, तर दुपारी तृष्णा व दाह, अशी दोन ऋतूंची लक्षणे एकाच दिवशी आम्ही पाहिली. पंचांगात वसंत असला तरी दुपारी ग्रीष्मचर्याच पाळावी लागते. पुढे सुंठीचे पाणी पहाटेपुरते ठेवले, नऊ वाजेपर्यंत मुक्काम गाठण्याचा व उन्हे उतरल्यावर पुन्हा निघण्याचा क्रम लावला. दुपारी यात्रेकरूंनी सावलीत झोपावे की नाही, हा प्रश्न सहकाऱ्यांनी काढला. वाट चालून कृश झालेल्यास चरकाचार्यांनी दिवास्वाप सर्वकाळ मान्य केला आहे.

आमची चूक

पन्नाशी ओलांडलेले एक केळी बागायतदार नवसाने अनवाणी चालत होते. पारोळ्याच्या पुढे डांबर इतके तापले होते की चपला घातलेलेही रस्त्याच्या कडेची माती शोधत होते. हे गृहस्थ मात्र डांबरावरून संथपणे चालत राहिले. त्यांच्या श्रद्धेचे आम्ही सर्वांसमक्ष कौतुक केले. सायंकाळी पादाभ्यंगासाठी त्यांचा पाय हाती घेतला, तेव्हा तळव्याची कातडी फोडांसह सुटलेली दिसली. त्यांना वेदना नव्हती. विचारल्यावर कळले की बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि उपवासातही गोळ्या चालू आहेत.

प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातपायांची सुप्तता व दाह आम्ही विद्यार्थीदशेत पाठ केले होते. सहनशक्ती म्हणून ज्याचे कौतुक केले, ती सुप्तता होती. त्याच रात्री त्यांना वाहनाने धुळ्यास शल्यचिकित्सकांकडे पोहोचविले. पुढे पायाचे एक बोट काढावे लागले. भेटीस गेलो असता ते एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

पूर्वपरीक्षण

तेव्हापासून आम्ही फाल्गुनातच यात्रेकरूंना बोलावून घेतो. मधुमेह, रक्तदाब वा हृद्रोग आहे काय, कोणती औषधे चालू आहेत, उपवास कोणता करणार, हे विचारतो व प्रत्येकाचे तळवे स्वतः पाहतो. मधुमेही उपवास करणार असल्यास गोळ्यांच्या मात्रेविषयी त्याच्या चिकित्सकांशी आधी बोलणे झालेच पाहिजे. नवस मोडा, असे सांगून कोणी ऐकत नाही. डांबरी रस्त्यावर पादत्राण वापरावे व गडाच्या पायऱ्या अनवाणी चढाव्यात, असा तोडगा आम्ही प्रमुखांपुढे ठेवला. तो मान्य झाला. मात्र पायांची संवेदना मंद झालेल्यांनी पायऱ्यांवरही पादत्राण सोडू नये.

आहार व पाणी

रावेर परिसरात दात्यांकडून केळी मुबलक मिळतात. केळे गुरू व शीत असल्याने रात्री टाळावे. उपवासाला आवडीने खाल्ले जाणारे शिकरण हे विरुद्धाशन होय. साबुदाण्यापेक्षा भगर हलकी. दुपारी सातूचे पातळ मंथ, कैरीचे पन्हे वा आमसुलाचे सार द्यावे, मधुमेहींना साखरेविना.

स्त्रिया वाटेत आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. हे मूत्रवेगधारण व तृष्णानिग्रह दोन्ही झाले. मुक्काम निवडताना शौचालयाची सोय आधी पाहावी. कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला व अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. अंग भिजवून वारा घालावा, शुद्ध नसल्यास तोंडाने काहीही न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे. काढा करीत बसण्याची ती वेळ नव्हे.

औषधविक्रेत्यांस विनंती

फाल्गुनअखेर जलसंजीवनीच्या पुड्या, शतधौतघृत, पादाभ्यंगासाठी तीळतेल, निर्जंतुक पट्ट्या व सुती मोजे यांचा साठा करावा. फोडातून सुई-दोरा ओवण्याची प्रथा आहे. मोजे मागणाऱ्यास ती न करण्याविषयी दोन शब्द सांगावेत. तळव्याची जखम दाखवून केवळ मलम मागणाऱ्यास मधुमेहाविषयी विचारल्याशिवाय मलम देऊ नये. तो प्रश्न आम्ही पाच दिवस उशिरा विचारला. आपल्या दुकानात तो वेळेवर विचारला जावा, ही प्रार्थना.