स्वस्त बोर्ड आणि खोट्या नावाची चिप

समजा, तुम्ही सोलापूर-पुणे रस्त्यावरील मोडनिंबच्या शाळेत शिकता. विज्ञान प्रदर्शनासाठी डाळिंबाच्या बागेतील मातीचा ओलावा मोजणारे यंत्र तुम्हाला करायचे आहे. त्यासाठी लागणारा 'अर्दुइनो नॅनो' बोर्ड जवळपास मिळत नाही, म्हणून तुम्ही सर्वांत स्वस्त बोर्ड घरपोच मागवता. पार्सल येते, बोर्डावरचा दिवाही लागतो. पण संगणक काही बोर्डाला ओळखत नाही. असे का व्हावे?

अर्दुइनोचा जन्म २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे झाला. त्याचे आराखडे सर्वांना खुले आहेत. तेव्हा तसाच बोर्ड बनवणे हा गुन्हा नव्हे. मात्र त्यावर मूळ कंपनीचे नाव छापून तो विकणे ही फसवणूक होय.

या बोर्डावर दोन महत्त्वाच्या चिप असतात. एक तुमचा प्रोग्रॅम चालवते. दुसरी दुभाष्याचे काम करते. यूएसबी केबलमधून आलेली माहिती ती पहिलीला समजेल अशा रूपात देते. जुन्या नॅनोमध्ये हे काम स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीची 'एफटी२३२' चिप करीत असे. काहींनी तिच्यासारखी वागणारी चिप बनवून वर तेच नाव छापले.

ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयचा नवा ड्रायव्हर विंडोजबरोबर आपोआप संगणकांत शिरला. त्याने खोट्या चिपमधील ओळख-क्रमांक शून्य करून टाकला. चिप जळाली नव्हती. पण संगणक तिला ओळखेना. नुकसान कोणाचे झाले? ती नकळत विकत घेणाऱ्याचे! बरीच ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला.

मग स्वस्त बोर्ड घेऊच नये काय? तसे नाही. चिनी 'सीएच३४०' चिप स्वतःच्याच नावाने विकली जाते. ती असलेले बोर्ड स्वस्त असतात आणि तिचा ड्रायव्हर संगणकात घातला की चालतात.

म्हणून मागवण्यापूर्वी चिपचे नाव आणि माल परत करण्याची मुदत पाहा. पार्सल येताच दिवा लुकलुकवणारा छोटा प्रोग्रॅम चालवा. बोर्ड ओळखला गेला नाही तर आधी केबल बदला. काही केबलमधून फक्त वीज जाते, माहिती जात नाही. मग ड्रायव्हर तपासा. एवढे करूनही चालेना, तर मुदतीत बोर्ड परत करा. मात्र ही परीक्षा प्रदर्शनाच्या आदल्या रात्री घेऊ नका!