घरातला समुद्र तापला की... पणजीत पंखा कमी का पडतो आणि ग्वाल्हेरात का चालतो?

उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं आणि पावसाळ्यात त्याच माठाचं पाणी कोमटच राहतं, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. खाऱ्या पाण्याची फिश टँक ठेवणाऱ्यांना मात्र मे महिन्यात याचाच विसर पडतो. दुकानदारानं सांगितलं म्हणून टाकीवर पंखा लावतात, आणि तरी सकाळी क्लाउनफिश पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसतो.

समुद्री माशांना आणि प्रवाळांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. त्याच्या वर गेलं की मासे उकाड्यानं मरतात असं नाही, ते गुदमरतात. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. ३० अंशांना तो सव्वासहावर येतो. उलट पाणी तापल्यावर माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणजे खर्च वाढला आणि आवक घटली. प्रवाळाचं अंग त्याहून नाजूक. लक्षद्वीपला १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापला तेव्हा तिथली प्रवाळं पांढरी पडली होती.

आता पंख्याचा हिशेब. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. २०० लिटरच्या टाकीत तेवढ्यानं जवळपास ३ अंशांचा फरक पडू शकतो. पण हवेनं वाफ घेतली तर! त्यासाठी घरच्या घरी एक चाचणी करता येते. थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळायचं आणि पाच मिनिटं पंख्यासमोर धरायचं. जो आकडा येईल त्याच्या खाली पंखा पाणी नेऊ शकत नाही, आणि प्रत्यक्षात पाणी त्याच्या थोडं वरच थांबतं.

ग्वाल्हेरात मे महिन्यात ४२ अंश आणि कोरडी हवा असली तर फडक्याचा आकडा २२-२३ च्या आसपास येतो. म्हणजे पंखा भरपूर काम करणार. हैदराबादच्या एप्रिल-मेमध्येही तसंच. पणजीत पारा ३३ वरच असतो, पण हवा इतकी दमट की फडकं २७-२८ दाखवतं. तिथं पंख्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, चिलर घ्यावा नाहीतर टाकी एसीच्या खोलीत हलवावी. बेळगावकरांचं त्या मानानं बरं, हवा दमट होते तोवर पावसानं गारवाही आलेला असतो. चिलर बंद कपाटात मात्र कोंबू नका. तो टाकीतली उष्णता बाहेर फेकतो, तिला जायला वाट पाहिजे.

पंख्यानं पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. रोज ४ लिटर उडालं आणि तीन दिवस भर घातली नाही, तर २०० लिटरच्या टाकीचा खारेपणा हजारी ३५ वरून ३७ च्या पुढे जातो. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, रोज थोडी थोडी. खारं पाणी ओतलं तर मीठ वाढतच जाणार.

घाईत काही जण बर्फ टाकतात. तो वितळून खारेपणा उतरतो. त्यापेक्षा प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून, झाकण घट्ट लावून ती टाकीत तरंगत सोडावी. एक लिटरची बाटली २०० लिटर पाणी अर्धा अंश उतरवते, जास्त नाही. हळूहळू उतरतं हेच चांगलं, कारण एकदम झालेला बदल माशांना उकाड्याइतकाच जड जातो.

ग्वाल्हेर-इंदूरकडे थंडीत हीटर लागतोच. २०० वॅटचा एकच घेण्यापेक्षा १०० चे दोन घ्यावेत. २०० चा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तर पाणी तासाला पाऊण अंशाहून जास्त चढू शकतं, म्हणजे रात्रीत माशांचं कालवणच. पाणी बदलताना आधी प्लग काढायचा, हे वेगळं सांगायला नको.

राहिली वीज. ती गेली की टाकी लगेच तापत नाही, पण पाणी हलायचं थांबतं आणि ऑक्सिजन मिळेनासा होतो. पहाटे तर तो मुळातच सगळ्यात कमी असतो. म्हणून इन्व्हर्टरवर आधी पाणी फिरवणारा पंप जोडावा, दिवे आणि चिलर नंतर. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप घ्यावा, आणि तो बिघडला असेल तर कुणीतरी टाकीशी बसून मगानं पाणी उचलून वरून ओतत राहावं.