पालच्या रानात कॅमेऱ्यासह

रानात फोटो काढायचा म्हणजे वाघाचाच, अशी आपली समजूत. मी मात्र जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात गेलो तो वीतभर रानपिंगळ्यासाठी! १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नव्हता. १९९७ साली, ११३ वर्षांनी, तो शहाद्याजवळ (तेव्हा धुळे जिल्हा) पुन्हा दिसला.

परवानगी घेऊन पालहून पहाटेच निघालो. सागाची पाने गळलेली. पाऊल टाकावे तर पापड मोडल्यासारखा आवाज. हा पिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो, एवढीच सोय. दोन तासांनी निष्पर्ण सागावर तो दिसला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ कोरे! पहिला फोटो हलला, हे कबूल करतो.

"भाऊ, आता पुढं नको," पावरा वाटाड्या कुजबुजला.

पिंगळ्याच्या पंजात सरडा होता. तो समोरच्या ढोलीकडे पाही, पण जाईना. आत पिले उपाशी असावीत, आणि दारात मी! कॅमेरा पिशवीत टाकला, मागे सरलो. शंभर पावलांवरून वळून पाहिले, तेव्हा फांदी रिकामी होती.